आठ खुणांचं औषध

गुंद गावाच्या पलीकडं, रानात पार आत, पाच घरांची एक कुणब्यांची वाडी होती. त्या वाडीत वाटे घालायचं काम गुणाचं. डुकराची शिकार झाली की मांसाचे वाटे, मधाचं पोळं उतरलं की मधाचे, ओढ्यात मासे धरले की माशांचे. शिकारीला कोण गेला आणि कोण अंगणात पाय पसरून पडला होता, हे विचारायचं नाही. बाहेरून वाडीत आलेली वस्तू एका घरात राहायची नाही, एवढंच तिथल्या लोकांना ठाऊक. गुणाचा हात असा सरळ की म्हाताऱ्यांनीसुद्धा कधी वाटा परत वजन करून बघितला नाही. आपला वाटा ती सगळ्यांच्या शेवटी उचलायची. पानावर जे उरलं असेल ते.

जीभ मात्र तिखट. कोणी चोखंदळपणा केला की, "तुला काय हरणाचं काळीज पायजे हुतं व्हय रं? मग हरणालाच जाऊन माग की!" म्हणून मोकळी व्हायची. माणसं हसायची आणि आपापला वाटा घेऊन जायची. तिचा नवरा धाकलू तेवढाच मुका. सागवान तोडीच्या कामावर जायचा, यायचा, पेज प्यायचा आणि गुणाचं बोलणं ऐकत बसायचा. ऐकायला मिळतं म्हणूनच तो घरी येतो, असं शेजारची रुक्मा म्हणायची.

गुणाला चार मुलं झाली. दोन नाव ठेवायच्या आतच गेली, एक चालायला लागून गेलं. राहिली ती तारा. हे सांगतोय त्या साली ती सात वर्षांची होती. वरचे दोन दात पडलेले, त्यामुळं बोलताना शीळ वाजायची, आणि बोलणं तर दिवसभर. कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची, धाकलूच्या कुऱ्हाडीलासुद्धा काहीतरी सांगत बसायची. गुणा वरवर करवादायची, "गप बस गं, कान किटले माझे!" पण पोरगी खरोखर गप्प झाली की हातातलं काम टाकून तिला शोधत सुटायची. तीन पोरं पुरलेल्या बाईचं काळीज ते. त्याला दुसरं काय येणार?

त्या वर्षी भादव्यात पाऊस मागं सरला आणि वाडीत हिवताप शिरला. आज एकाला थंडी, उद्या दुसऱ्याला. दातावर दात आपटायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घामानं घोंगडी भिजायची. माणूस उठून बसतो तोच पुन्हा थंडी. आठ दिवसांत आठ जणं आडवी झाली. रुक्माचे दोन मुलगे, पलीकडची पोटुशी चंद्रा, म्हातारा म्हादू, आणखी तीन, आणि आठवी तारा. देवाला कौल लावला. फूल उजवीकडून पडलं, देव बरं करतो म्हणाला. माणसं दोन दिवस वाट बघत बसली. ताप काही हलला नाही.

काळी नदीच्या पलीकडं पेठेत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक धर्मार्थ दवाखाना घातला होता. वाडीतलं कोणी तिथं कधी गेलं नव्हतं. तिथं माणसाला कापतात, एवढी बातमी मात्र पोचली होती. गुणा म्हणाली, "कापंनात का. पोरगी तशी बी चाललीच हाय." ताराला धाकलूजवळ ठेवून ती कोंबड्याच्या बांगेला निघाली. रान उतरून, तरीतून नदी ओलांडून, दवाखान्याच्या पायरीवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

तिथं कंपौंडर होता येसाजी. खानापूरकडचा, पोट सुटलेला, आवाज असा की औषध पोटात जायच्या आधीच रोगानं पळून जावं. नवं माणूस दिसलं की तो आधी दवाखान्याची सगळी महती सांगायचा, कोणी विचारो न विचारो. "ये अक्का, बस. दात हितं उपटतात, गळू हितं फोडतात, पोरांस देवी टोचतात. डोळं आलं तर डोळ्यांत घालायचं औषध हाय. हाड मोडलं तर फळ्या बांधून देतो. डाक्टरसाहेब मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, तवा मोठी कापाकाप. बाळंतीण अडली तर शिकलेली बाई हाय. आता सांग, तुला काय पायजे?"

गुणाला त्यातलं निम्मं कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पोरीला हिंव भरतंय, अण्णा."

येसाजीचा आवाज खाली आला. वय विचारलं, थंडी कितव्या दिवशी येते ते विचारलं, वहीत ताराचं नाव लिहिलं. मग आतून बाटलीभर पातळ औषध घेऊन आला. कोयनेल, हिवतापाचं औषध, विखासारखं कडू. बाटलीवर त्यानं कागदाची एक पट्टी डकवली होती आणि पट्टीच्या कडेला कातरीनं खुणा पाडल्या होत्या. "ह्या आठ खुणा. सकाळी एका खुणेएवढं, सांजेला एका खुणेएवढं. चार दीस. ताप उतरला तरी सोडायचं न्हाई, आठवी खूण सरंपातूर द्यायचं. एका माणसाचं औषध हाय हे, ध्यानात ठेव. मग बाटली परत आणून दे."

"पैकं?"

"खुळी का काय! धर्माचा दवाखाना हाय." असं म्हणून त्यानं पुढं विचारलं, "आणि कोणास ताप हाय का तुमच्या वाडीत?"

गुणाच्या डोळ्यांपुढं सात चेहरे आले. म्हादू, चंद्रा, रुक्माची पोरं. पण बिनपैशाची बाटली हातात पडलेली, आणि लगेच वर आणखी सात मागायच्या? तिच्या माणसांत असं कोणी करत नव्हतं. दिलं तेवढं घ्यायचं, पुन्हा हात पसरायचा नाही. उपाशी बसतील, पण दुसऱ्याच्या दारात 'अजून द्या' म्हणणार नाहीत. गुणाची मान ताठ झाली आणि ती म्हणाली, "न्हाई."

काय म्हणावं ह्या बाईला? एक शब्द. दुसरा कुठलाही शब्द बोलली असती तरी चाललं असतं.

वाडीच्या अलीकडं शेताचा बांध लागतो. तिथं येऊन गुणा थांबली. बाटली पदराखाली होती. तिच्या मनात आलं, अशीच घरात न्यावी, उतरंडीमागं ठेवावी, कुणाला काय कळतंय? एका माणसाचं औषध हाय, असं तो कंपौंडर स्वतःच्या तोंडानं बोलला होता. ती तशीच गेली असती, मी सांगतो तुम्हाला. पण रुक्मा वाटेवरच उभी होती. धाकटा कडेवर, मान टाकलेला. रुक्मानं काही मागितलं नाही, फक्त विचारलं, "गावलं का काय, अक्का?"

गुणानं पदराखालून बाटली काढली.

मग जे व्हायचं तेच झालं. अंगणात सगळी जमली. गुणानं सांगितलं, हे एका माणसाचं हाय. म्हातारा म्हादू कण्हत कण्हत म्हणाला, "देवाचं तीर्थ पळीभर घेतलं काय आणि तांब्याभर घेतलं काय, गुण सारखाच की गं." सगळ्यांना ते पटलं. गुणालाही पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. आठ खुणा होत्या, आठ आजारी होते. करवंटीत ओतून ती घरोघर फिरली. चंद्रा पोटुशी म्हणून तिला खुणेपेक्षा जरा जास्त दिलं. म्हादूकडून थोडं सांडलं, त्याला परत दिलं. ताराला सगळ्यांच्या शेवटी. तिच्या वाटणीला आठवी खूण पुरती भरली नाही. तारानं तोंड वाकडं केलं, थू थू केलं, आणि दातांच्या फटीतून शीळ घालत आईला म्हणाली, "अव्वा, हे तूच पी."

दुसऱ्या दिवशी तारा उठून बसली. पेज मागितली. रुक्माचा थोरला अंगणात आला. चंद्राचं कपाळ गार लागलं. वाडी खूश झाली, गुणाच्या हाताला गुण आहे म्हणाली, आणि गुणाला इतका आनंद झाला की ती त्या दिवशी एकालाही टोचून बोलली नाही. धाकलूनं ताराला खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत नेऊन आणलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा थंडी भरली. ताराला सगळ्यांत जास्त.

धाकलू, जो कधी बोलायचा नाही, तो म्हणाला, "परत जा. आजच जा."

"कशी जाऊ? चार दीस पुरंल म्हणून दिली त्येनं. एका सांजेत सरली म्हणून कंच्या तोंडानं सांगू? आणिक कुणाला ताप न्हाई म्हणून मीच सांगून आलीया. खोटारडी म्हणंल मला. बाटली हिसकून घिऊन हाकलून दिल."

"म्हणंना खोटारडी."

"चार दीस हुंदेत. बाटली द्यायच्या दिशी जाते, तवा मागते."

आणि ती थांबली हो! पोरगी तीन तीन घोंगड्यांखाली लटलट कापत होती, आणि ही बाई दिवस मोजत बसली, लाजेपायी. पुढं जन्मभर ती त्या दोन दिवसांसाठी स्वतःला शिव्या घालत राहिली. आपण वेगळ्या कशाला घालाव्यात? जिनं कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, तिला मागायचं कसं हेच येत नव्हतं.

चार दिवस भरले तशी पाचव्या दिवशी पहाटे ती निघाली. ताराचे डोळे पिवळे झाले होते, जीभ सुकली होती. तरी बोललीच. "अव्वा, ती कडू बाटली नको आणू. पेठेतनं गूळ आण."

"आणते," गुणा म्हणाली. "ढेप आणते सगळी."

येसाजीनं तिला पायरीवर बघितलं आणि हातातली रिकामी बाटली बघून त्याचा चेहरा फुलला. "शाब्बास! सरली का पुरी? उतरला न्हवं ताप?"

गुणा पायरीवर मटकन बसली आणि सगळं बोलून गेली. आठ जणं आजारी असल्याचं, अंगणात वाटे घातल्याचं, दोन दिवस लाजेनं घरी बसल्याचं. येसाजी ऐकत राहिला. मग एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "अगं, मग आठ बाटल्या दिल्या असत्या की गं तुला! पिंपभर हाय आत! विचारलं हुतं न्हवं मी? ह्याच तोंडानं विचारलं हुतं!"

त्यानं तिला आत नेऊन खरोखरच ते पिंप दाखवलं. दाखवायला नको होतं. गुणा त्या पिंपाकडं बघतच राहिली.

पण माणूस भला. दवाखान्यात तीनच बाटल्या रिकाम्या होत्या. बाकीच्यांसाठी तो स्वतः पोट सावरत पेठेत धावला, ह्या दुकानातून तेलाची, त्या दुकानातून गुलाबपाण्याची अशा बाटल्या मागून आणल्या, गरम पाण्यानं धुतल्या, पट्ट्या डकवल्या, खुणा पाडल्या. आठही नावं वहीत घातली. गुणाच्या बुट्टीत पेंढा घालून आठ बाटल्या रचून दिल्या, आणि गुळाचा एक खडा कागदात बांधून वर ठेवला. "पळ आता," म्हणाला.

ती पळाली. तरीवाल्याला हाका मारून मारून घसा बसला. चढणीला दोनदा पडली, पण बुट्टी खाली ठेवली नाही.

वाडीत पोचली तेव्हा दिवस बुडत होता. अंगणात सगळी बसलेली. कोणी रडत नव्हतं. रुक्मा उठून पुढं आली आणि तिनं गुणाच्या डोक्यावरची बुट्टी अलगद उतरून घेतली, तेव्हाच गुणाला कळलं. तारा दुपारी गेली होती. आईनं तोंड बघावं म्हणून तसंच ठेवलं होतं. येसाजी बाटल्या धूत होता त्या वेळेची गोष्ट.

गुणानं हंबरडा फोडला नाही. ताराचं तोंड पुसलं, केस सारखे केले. धाकलूनं खड्डा खणला. माती लोटून झाली तशी बाई उठली, बुट्टी घेतली आणि पहिल्या घरात गेली. "उठ म्हादूबा. तोंड उघड." सात घरी नव्हे, सात अंथरुणांशी गेली, आणि प्रत्येकाला खुणेपर्यंत, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच, सांजेला तसंच. चंद्रा रडून म्हणाली, "अक्का, तू राहू दे गं, माझं मी घेते." गुणानं ऐकलं नाही. चार दिवस तिनं स्वतःच्या हातानं दिलं. आठवी बाटली होती, तीही तिनं सोडली नाही. सकाळी एक खूण, सांजेला एक खूण, ताराच्या मातीवर नेऊन ओतायची. धाकलू लांबून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

सातही जणं वाचली. चंद्राला मुलगा झाला.

पाचव्या दिवशी गुणा बाटल्या परत द्यायला पेठेत गेली. येसाजीनं बुट्टीत बघितलं. आठही रिकाम्या, आठही धुतलेल्या. त्यानं वही उघडली, दौतीत टाक बुडवला, आणि गुणाला बोलायला उसंत न देता विचारलं, "तारा बरी हाय न्हवं?"

चार दिवसांत वाडीत कोणी ते नाव घेतलं नव्हतं. गुणा आली की बायका गप्प व्हायच्या. रुक्मा पोरांना आत ओढून घ्यायची. धाकलू तर मुळातच मुका. आणि इथं हा माणूस मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत, तिच्या पोरीचं नाव घेऊन विचारत होता. गुणाच्या तोंडून निघालं, "बरी हाय."

येसाजीनं लिहिलं. मग बाहेर बसलेल्या माणसांकडं वळून म्हणाला, "बघा रे, आठातली आठ उठली!"

पुढच्या वेळी सांगू, असं तिनं ठरवलं. पण पुढच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, ती आसपासच्या चार वाड्यांतल्या आजाऱ्यांची नावं डोक्यात धरून औषध न्यायला आली, तेव्हा येसाजी कुणाला तरी तिचीच गोष्ट सांगत होता. नाव सांगताना लाजू नका, ह्या बाईनं लाजून पोरगी घालवलीच होती, पण देवाची कृपा, वाचली. "काय गं गुणाक्का, तारा आता केवढी झाली?"

"आठवं सरलं, अण्णा."

सोळा वर्षं असं चाललं. गुणा त्या रानातली औषधवाली झाली. कुणाला दवाखान्यात डोलीतून न्यायचं, कुणाची बाळंतीण अडली, डॉक्टर कुठल्या वारी येतो, सगळं तिला तोंडपाठ. घरोघर जाऊन दटावून विचारायची, "खरं सांग, किती जणं आडवी हायती? मी मागून आणते, मला मागायची लाज न्हाई." आणि खरोखर मागायची. येसाजी हात जोडायचा तिला. आणि दर वर्षी तेच विचारायचा. तारा दहा वर्षांची झाली, परकर नेसायला लागली, भाकरी करायला शिकली पण करपवते. गुणा सांगत गेली. एका वर्षी सांगितलं, नंदिगड्ड्याला दिली, जावई कष्टाळू आहे. परत येताना नदीकाठी बसून ती पोटभर रडायची आणि मग उठून चालायला लागायची.

सोळाव्या वर्षी येसाजीचं वय झालं. तो काम सोडून खानापूरला निघाला. पायरीपाशी गाडी उभी होती, सामान चढवून झालं होतं. गुणा आलेली बघून त्यानं पेटीतून एक लहानसं झबलं काढलं, तांबड्या काठाचं. "माझ्या बायकोनं शिवलंय. गेल्या साली म्हणालीस न्हवं, ताराला दीस गेल्यात म्हणून? तिच्या पोराला घाल."

गुणानं हात पुढं केला आणि मागं घेतला. इतकी वर्षं तिनं शब्द घेतले होते. वस्तू तिला घेता येईना.

"अण्णा," ती म्हणाली, "तारा न्हाई. तुमी बाटल्या भरून दिलासा, त्याच दुपारी गेली ती."

येसाजी गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "एवढी वर्षं, गुणाक्का? एकदा तरी सांगायचंस की गं मला."

"तुमी ईचारत हुतासा म्हणून न्हाई सांगितलं. वाडीत तिचं नाव कोण घेत न्हाई, अण्णा. माझ्यापुढं भितात सगळी. तिच्या बानं बी मरंपातूर घेतलं न्हाई. वर्सातनं एक डाव तुमी मोठ्यानं म्हणायचासा, तारा कशी हाय. तेवढं ऐकाय यायची मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तुमी बी चाललासा. आता कोण ईचारणार वो मला?"

झबलं हातात तसंच धरून येसाजी उभा राहिला, आणि गाडीवान उशीर होतोय म्हणून हाका मारत होता.